गोमाजीची लाथ

पोलादपूरच्या श्रीधरभटजींचा गंगाधर सातव्या वर्षी संथा घ्यायला बसला आणि मुंजीनंतर चार-पाच वर्षांत त्याचं सगळं पाठ झालं. पुरुषसूक्त म्हणू नका, श्रीसूक्त म्हणू नका, रुद्र म्हणू नका. एकदा कानावर पडलं की पोराच्या डोक्यातून ते हलायचं नाही. खोड एकच होती. मधूनच विचारलं तर सांगता यायचं नाही. ‘आठव्या अनुवाकाची सुरुवात काय रे?’ असं कुणी म्हटलं की स्वारी डोळे मिटायची आणि पहिल्या अनुवाकापासून म्हणत म्हणत आठव्याला पोहोचायची. श्रीधरभटजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते स्वतः तसेच होते. वेद म्हणणाऱ्याला मध्येच अडवायला जातो कोण?

डॉक्टरी शाळेत मात्र अडवतात.

गंगाधर डॉक्टरी शाळेत गेला तो महाडच्या हेडमास्तरांच्या आग्रहामुळं. मॅट्रिकला पोराला चांगले मार्क पडले, तेव्हा हेडमास्तर महाडाहून मुद्दाम पोलादपूरला आले आणि म्हणाले, ‘भटजी, एवढं पाठांतर वाया घालवू नका. पुण्याला धाडा. पोलादपुरात औषध द्यायला माणूस नाही.’ भटजींनी तासभर विचार केला. त्यांचा एकुलता एक मुलगा. डोंगरातल्या बारा वाड्यांचं भटपण त्यांच्या घरात पाच पिढ्या चालत आलेलं. त्या वाड्यांचं पुढं काय, हा प्रश्न त्यांनी तोंडानं विचारला नाही, पण त्या रात्री बायकोनं, गोदावरीबाईंनी, वाढलेला दुसरा भात त्यांनी नको म्हटला. सकाळी उठून त्यांनीच पोराच्या प्रवासाचा मुहूर्त काढला.

पुण्यात गंगाधर वार लावून जेवला आणि पहाटे उठून फिजिऑलॉजीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक घोकू लागला. शेजारच्या खाटेवरचा विद्यार्थी वैतागून म्हणायचा, ‘अरे, समजून घे, घोकतोस काय?’ गंगाधराला त्याची कीव यायची. ह्याचं पाठ होत नसेल बिचाऱ्याचं.

एप्रिलात तोंडी परीक्षा झाली. परीक्षकांनी विचारलं, ‘पित्ताचं काम काय?’ गंगाधरानं डोळे मिटले आणि तोंडातल्या लाळेपासून सुरुवात केली. दात, जीभ, घशाचे स्नायू, अन्ननलिका, सगळं ओळीनं, एक शब्द न चुकता. परीक्षक आधी चकित झाले, मग हसले, मग घड्याळ बघू लागले. घंटा झाली तेव्हा घास नुकता पोटात पोहोचला होता. पित्ताला अजून सतरा पानं अवकाश होता. प्रॅक्टिकलात तर त्याहून फजिती. समोर बसलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली टिचकी मारून पाय उडवून दाखवायचा होता. गंगाधराला त्याबद्दलची चार पानं तोंडपाठ होती. पण फटका चुकून हाडावर बसला आणि पाय उडायच्या ऐवजी माणूस ओरडला.

नापास. आता ऑक्टोबरात एकदाच संधी. तेव्हाही गाडी अडली तर शाळेच्या पटावरून नाव जाणार.

वैशाखात आंबेनळीचा घाट उतरून सर्व्हिस मोटारीनं गंगाधर घरी आला. वडील रागावतील म्हणून मनाची तयारी करून आला होता. भटजी रागावले नाहीत. ओट्यावर बसून सुपारी कातरत म्हणाले, ‘ऑक्टोबरात झालं तर झालं. नाही झालं तर परत ये. बारा वाड्या आहेत, उपाशी मरणार नाहीस.’ गंगाधराला वाटलं, याच्यापेक्षा अण्णांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निदान तो गुडघा तरी जमवावा, असं त्यानं ठरवलं. पण गुडघा आणायचा कुठून? आई म्हणाली, ‘माझ्या गुडघ्याला हात लावायचा नाही, आधीच ठणकतोय.’ वडिलांना विचारायची छाती नव्हती. अशात एका सकाळी बारा वाड्यांपैकी एका वाडीवरचा गोमाजी पत्रावळींचा भारा घेऊन डोंगरावरून उतरला. लग्नामुंजींचे दिवस होते आणि भटजींच्या घरच्या पत्रावळी गोमाजीकडूनच यायच्या. पन्नाशीचा, काटक माणूस. त्याच्या पिंढऱ्या बघून गंगाधराला पुस्तकातलं चित्रच आठवलं.

‘गोमाजी, जरा ओट्याच्या कडेला बस बघू. पाय खाली सोड.’

‘कशास वो धाकलं भटजी?’

‘तुझा गुडघा बघायचाय.’

‘गुडघ्यास काय झालंय? दोन कोस उतरून आलोय त्याच्यावरच,’ असं म्हणत गोमाजी बसला. ब्राह्मणाच्या पोराला नाही कसं म्हणायचं?

गंगाधर त्याच्या अगदी समोर उकिडवा बसला. वाटीखालची शीर बोटांनी चाचपली, हाताच्या कडेनं नेमका फटका मारला आणि गोमाजीचा पाय उसळून त्याच्या छातीवर बसला. गंगाधर मागच्या मागं पत्रावळींच्या भाऱ्यावर आडवा झाला.

‘आला!’ तो पडल्या पडल्या ओरडला. ‘आला, आला! आई, पाय आला!’

आजवर इतक्या आनंदानं कुणी लाथ खाल्ली नसेल. पण गोमाजीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं स्वतःच्या दोन्ही गालांवर फाडफाड मारून घेतलं, ‘शिव शिव शिव!’ म्हणाला आणि मुंडासं तिथंच टाकून डोंगराच्या वाटेला लागला. गंगाधर हाका मारत वेशीपर्यंत धावला. थांबतो कोण!

संध्याकाळपर्यंत पोलादपूरभर झालं की गोमाजीनं भटाच्या पोराला लाथ घातली. वाडीवर बातमी पोहोचेपर्यंत ती तीन लाथांची झाली. ‘पाय झडतो का नाय बघा,’ असंही कुणी तरी म्हणालं.

चौथ्या दिवशी भटजींची पूजा आटोपते न आटोपते तोच अंगणात गोमाजी उभा. हातात नारळ, मान खाली. मागं त्याची बायको ठमाबाई. तिची मान मात्र ताठ होती.

‘भटजीबुवा,’ ठमाबाई म्हणाली, ‘ह्यांस काय परायचित हाय ते सांगा एकदाचं. चार दिस अन्नास शिवलं नायत. निजताना पायास दावं बांधून निजतात, पाय पुन्हा कुनास लागू नये म्हनून. मी घरात मानूस ठेवलाय का बैल?’

‘ठमे, गप गो,’ गोमाजी पुटपुटला.

भटजी गंभीर झाले. त्यांनी हात पुसले आणि ओट्यावर येऊन बसले. ‘जाणूनबुजून ब्राह्मणाला पाय लावला तर पुरतं प्रायश्चित्त. नकळत लागला तर अर्धं. पण आहेच.’

‘मी लावलाच नाय तर?’ गोमाजी म्हणाला. मान अजून खालीच होती, पण शब्द स्पष्ट होते. ‘चार दिस त्योच इचार करतोय. पाय माझा, नाय म्हनत नाय. पन उचलला मी नाय. मला ठावंच नव्हतं तो उठतोय. देवाच्यान सांगतो, मी धाकल्या भटजीइतकाच दचकलो.’

असा दावा भटजींपुढं आजवर आला नव्हता. जाणून केलेलं पाप होतं, नकळत केलेलं होतं. केलंच नाही पण झालं, हे कुठल्या पोथीत बसवायचं? त्यांनी मुलाकडं पाहिलं.

‘गंगाधर, पाय कुणी उचलला?’

गंगाधराला मनापासून बरं वाटलं. हे तर चार पानं तोंडपाठ. त्यानं डोळे मिटले आणि इंग्रजीत सुरुवात केली. तीन वाक्यं झाली नाहीत तोच भटजी म्हणाले, ‘थांब. मराठीत सांग. आणि मी विचारलंय तेवढंच सांग.’

मराठीत? डोळे उघडले तर समोर चार दिवसांचा उपाशी माणूस उभा. त्याला लाळेपासून सांगून चालणार नव्हतं. आपल्या विद्येपायी हा माणूस पायाला दावं बांधून निजतोय, याची गंगाधराला भयंकर लाज वाटली. घोकलेलं सगळं डोक्यातून पळालं आणि पहिल्यांदाच त्याला त्या चार पानांत काय म्हटलंय याचा विचार करावा लागला.

‘गोमाजी,’ तो अडखळत म्हणाला, ‘तुमच्या रानात वणवा लागला तर विझवायचा हुकूम कोण देतो?’

‘पाटील.’

‘महाडास मामलेदाराकडं जाऊन विचारत नाही?’

‘विचारून येईस्तवर रान ऱ्हाईल काय?’

‘तसंच आहे. अंगाचा मामलेदार इथं,’ गंगाधरानं डोक्याला हात लावला. ‘आणि पाटील पाठीच्या कण्यात. गुडघ्याला फटका बसला, बातमी कण्यात गेली, आणि तिथूनच हुकूम सुटला, पाय उचला. मामलेदाराला कळलं, पण मागाहून. तुला कळलं तेव्हा पाय उडून गेला होता.’

गोमाजीनं मान वर केली. ‘म्हंजी पाटलाचं काम. मामलेदार निर्दोष.’

‘अगदी.’

‘पोरगा म्हणतोय ते ठीक,’ भटजी म्हणाले, ‘पण पुराव्याशिवाय मी निवाडा देणार नाही. माझा पाय घे. माझा उडाला तर मानीन.’

गोदावरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. भटजींनी धोतर सावरलं आणि पाय सोडून बसले. या खेपेला गंगाधर शहाणा झाला होता, बाजूला उभा राहिला. गोमाजी मात्र नीट दिसावं म्हणून पुढ्यातच बसला. गंगाधरानं फटका मारला.

पाय ढिम्म.

पुन्हा मारला. काही नाही. भटजींचा पाय देवळाच्या खांबासारखा. गोमाजीचा चेहरा उतरला. ब्राह्मणाचा उडत नाही म्हणजे आपलाच दोष. ठमाबाईनं डोळ्याला पदर लावला. ‘झालं! आता जलमभर दावं.’

गंगाधराच्या मनात आलं, नेमकं हेच परीक्षेत झालं तर? त्यानं वडिलांकडं पाहिलं. भटजींनी ओठ आवळले होते, मांडीचे स्नायू ताणले होते, सगळं लक्ष गुडघ्यावर. पाय हलू द्यायचा नाही, असा चंगच बांधून बसले होते. आणि गंगाधराला चौथ्या पानाच्या तळाची बारीक अक्षरातली टीप आठवली. ती त्यानं शेकडो वेळा म्हटली होती. तिचा अर्थ आज, या क्षणी कळला. मामलेदार स्वतः वेशीवर येऊन बसला तर पाटलाचं चालणार कसं? आधी मामलेदाराला दुसऱ्या कामात गुंतवायला हवं!

‘अण्णा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा. अशी. आता जोरानं ओढा. सुटू द्यायची नाहीत.’

‘हे कशाला?’

‘ओढा तर खरं.’

भटजींनी बोटं अडकवली आणि दात-ओठ खाऊन ओढू लागले. गंगाधरानं फटका मारला. भटजींचा पाय असा उसळला की गोमाजीच्या खांद्यावर जाऊन आदळला आणि परत येताना वाटेतला पाण्याचा तांब्या अंगणात घेऊन गेला.

‘अरे! गोमाजी, माफ कर, मी नाही रे...’ भटजींच्या तोंडून निघून गेलं. त्या घरातून त्या अंगणाकडं ‘माफ कर’ हा शब्द पाच पिढ्यांत पहिल्यांदाच गेला असेल. भटजींनाही ते ऐकू आलं, आणि त्यांनी तो शब्द परत घेतला नाही.

‘ठावं हाय, भटजीबुवा,’ गोमाजी खांदा चोळत म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी हसू फुटलं. ‘पाटलाचं काम!’

मग जी हसाहशी झाली! गोदावरीबाई दाराला धरून हसल्या, ठमाबाई अंगणात बसून हसली. भटजी आधी मिशीत हसले, मग मोठ्यानं. हसू ओसरल्यावर त्यांनी निवाडा दिला, ‘करणाऱ्याला ठाऊक नाही आणि रोखणाऱ्याला रोखता येत नाही, तिथं पाप नाही. प्रायश्चित्त नाही. गोमाजी, जेवून जा.’ गोदावरीबाईंनी तोच नारळ फोडून भातावर खवला आणि गोमाजी त्याच्या स्वतःच्याच पत्रावळीवर चार दिवसांचं जेवला.

त्या दिवसानंतर गंगाधराचं घोकणं सुटलं. सुटलं म्हणजे वडिलांनीच सोडवलं. भटजींना त्या पाटलानं झपाटलं होतं. सकाळी पूजा झाली की सुपारी कातरत बसायचे आणि एकेक प्रश्न काढायचे. झोपेत माणूस श्वास घ्यायला विसरत का नाही? भीती वाटली की तोंडाला कोरड का पडते? प्राणायामात श्वास रोखता येतो, मग प्राण जाईपर्यंत का रोखता येत नाही? ‘पहिल्यापासून नको. विचारलंय तेवढंच,’ हे दर वेळी. गंगाधराला कधी उत्तर यायचं, कधी पुस्तक उघडावं लागायचं, आणि उघडल्यावर कळायचं की हे तर आपल्याला पाठ आहे, नुसतं भेटलं नव्हतं. अंगातलं सगळं गाव त्याला हळूहळू ओळखीचं झालं. इतका सुखाचा उन्हाळा त्याच्या वाट्याला पुन्हा आला नाही, असं तो पुढं नेहमी म्हणे.

कधीकधी बोलता बोलता भटजी मध्येच थांबायचे आणि डोंगराकडं बघत बसायचे. मुलगा जितका शिकेल तितका बारा वाड्यांपासून लांब जाईल, हे त्यांना कळत नव्हतं थोडंच. गंगाधरालाही ते कळत होतं. मग भटजी पुन्हा सुपारी कातरायला लागायचे आणि पुढचा प्रश्न काढायचे.

ऑक्टोबरात गंगाधर परीक्षकांसमोर बसला. एप्रिलचेच परीक्षक. त्यांनी त्याला ओळखलं आणि आधीच घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ‘सांगा, ताप चढताना थंडी का वाजते? अंग तर गरम असतं.’

गंगाधराचे डोळे सवयीनं मिटले. ओठांवर उष्णतेच्या प्रकरणाची पहिली ओळ आली. त्यानं ती गिळली आणि डोळे उघडले.

‘सर, मेंदूत शरीराची उष्णता सांभाळणारं एक ठाणं आहे,’ तो मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या इंग्रजीत म्हणाला. ‘तापात त्या ठाण्याचं माप चुकतं. अंग आहे ते त्याला थंड वाटायला लागतं. मग ते कातडीचं रक्त आत ओढून घेतं, म्हणून कातडी गार पडते आणि माणसाला हुडहुडी वाटते. स्नायू थडथड उडवून ते ऊब तयार करतं. थंडी वाजते ती ताप चढवण्यासाठीच, सर.’

परीक्षकांनी घड्याळ उचलून खिशात ठेवलं. ‘हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?’

‘पुस्तक तेच आहे, सर. वडिलांना समजावून सांगताना कळलं.’

पंधरा दिवसांनी निकाल लागला. पास. गंगाधरानं त्याच दिवशी घरी कार्ड टाकलं. आठवड्यानं वडिलांचं उत्तर आलं, दोन ओळींचं. ‘कार्ड पावले. बरे झाले. दिवाळीस येणे.’ गंगाधरानं ते उलटसुलट करून पाहिलं. आणखी काही नव्हतं. अण्णांना आनंद झाला की वाड्या सुटल्याचं वाईट वाटलं, त्याला काही कळेना, आणि ते दोन ओळींचं कार्ड त्याला दिवाळीपर्यंत टोचत राहिलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी मोटार घाटाखाली थांबली. ठमाबाई वाटेच्या कडेला गवताचा भारा टेकवून उभी होती. त्याला पाहताच म्हणाली, ‘आलास काय रं डाक्टर!’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘कुनी म्हंजी? भटजीबुवा आलं व्हतं वाडीवर. पूजा नाय, लगीन नाय, न् भर दुपारी भटजी दारात. आमास वाटलं, कुनी गेलं का काय. तर भटजी घामानं भिजलेलं, कनवटीतून कारड काढलं न् वाचून दाखवलं. आमच्या ह्यांनी तर त्यांस दोनदा वाचाया लावलं.’

गंगाधर उभ्या उभ्या ऐकत राहिला.

‘मग सगळी वाडी गोळा केली न् म्हनले, मी हाय तवर पूजा सांगंन. माझ्या मागं दुसरा भट बघा. माझा पोर्‍या पूजेस यायाचा नाय. पन तो डाक्टर होऊन आला म्हंजी कुनी आजारी पडलं तर त्यास बोलवा, तो येईल. रातचं बोलवलं तरी येईल, मी शब्द देतो. असं बोलले. मग फुडच्या वाडीस गेले. बाराच्या बारा फिरले म्हन, चार दिस. ह्या वयात!’

गंगाधरानं ठमाबाईचा भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला आणि घराकडं निघाला.

भटजी ओट्यावरच होते. ‘मोटार वेळेवर होती का?’ त्यांनी विचारलं.

‘होती. अण्णा, तुम्ही बारा वाड्या फिरलात?’

‘वाटेतच होत्या,’ भटजी म्हणाले.

बारा वाड्या बारा डोंगरांवर होत्या. वाटेत एकही नव्हती. गंगाधरानं पिशवी खाली ठेवली आणि वाकून वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याला उठायला जरा वेळ लागला, आणि भटजींनीही त्याला लगेच उठवलं नाही.